तथापि नदी उत्तम आहे

आमच्या पाटोदा तालुक्यात दोनच पिकं कधी बुडाली नाहीत, एक दुष्काळ आणि दुसरं सहकारी संस्था. दुधाची संस्था होती, दूध नव्हतं. कुक्कुटपालनाची होती, तिच्या कोंबड्या संचालकांनीच खाल्ल्या होत्या. उपसा सिंचनाच्या संस्थेला तर उपसायला फक्त वाळू होती, आणि ती मात्र नेमानं उपसली जायची. अशा मुलखात किसनदादांनी ‘सहकारी चित्रपटदर्शक संस्था’ काढली तेव्हा लोक पोट धरून हसले. पण मला विचाराल तर आपल्या नावाला जागणारी अख्ख्या तालुक्यात तेवढी एकच संस्था होती. तिथं दर्शक होते, चित्रपट होते, आणि अध्यक्ष स्वतः सतरंज्या झटकायचे.

मी त्या संस्थेचा सचिव. अक्षर बरं असणं हा माझा एकमेव गुन्हा. साखर कारखान्यात मी कारकून आणि किसनदादा गेटवरच्या पहारेकऱ्यांचे प्रमुख. फौजेतून आलेला माणूस, म्हणून गेटवर ठेवलेला. दादा आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतले. वस्तीतून फौजेत जाणारे ते पहिले नव्हते, पण परत येऊन संस्था काढणारे पहिलेच. मी एकदा विचारलं, “दादा, सिनेमाचीच कावून काढली?” तर म्हणाले, “बाकी समदं वाटून झालतं ना बे. ऊस त्यांचा, दूध त्यांचं, पतपेढी त्यांची. अंधारात बसायचं तेवढं शिल्लक होतं, म्हणलं ते आपण घिऊ.”

संस्थेचा नियम असा, की आधी येईल तो पुढं बसेल. त्यामुळं कित्येकदा पाटलाच्या पुढं वस्तीतली म्हातारी बसायची आणि तिच्या आंबाड्यामुळं पाटलाला नायिका अर्धीच दिसायची. दुसरा नियम, सिनेमा संपला की लगेच सभा. गुण कोणते, दोष कोणते, सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि मग रीतसर ठराव. कुणी नुसतंच “भंगार हाय” म्हणालं की दादा हात वर करायचे, “मुद्दा मांडा.” एका पौराणिक सिनेमावर आम्ही ‘देवांच्या अंगावरचे दागिने हलके वाटतात’ असा ठराव सोनाराच्या सूचनेवरून एकमतानं मंजूर केला होता. हसू नका, मोठमोठे समीक्षक याहून वाईट लिहितात.

दादांची बैठक बघण्यासारखी असे. बसायच्या आधी जागा बघणार, पाठ भिंतीला लावणार, बुटाची नाडी तपासणार, आणि मग जे बसणार ते बसणार. एसटी आली नाही म्हणून लोक कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायचे, टँकर आला नाही म्हणून बायका सरपंचाच्या नावानं बोटं मोडायच्या, आणि दादा आपले भिंतीला पाठ लावून निवांत. म्हणायचे, “वाट बघायची बी एक परेड असती. शिकावी लागती.”

याच बसण्यानं त्यांचं गावात हसं केलं होतं.

म्हणजे झालं असं. दादा लढाईवरून परत आले तेव्हा हॉटेलात सगळं गाव जमलं. दत्तू बप्पा मध्यभागी. हे बप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. विहीर आटली होती, पण जीभ बारमाही. बप्पांनी विचारलं, “किसन, किती मारले?”

“कुणालाच न्हाई.”

“बरं, मारले नसतील. गोळ्या किती झाडल्या?”

“एक बी न्हाई. नदीकाठी बसलो होतो. नदी वलांडायचा हुकूम यायचा होता. आला न्हाई.”

“बसलो होतो!” बप्पांनी मांडीवर थाप मारली. “आरं, बसायलाच फौजेत कावून गेलता? हितं आमच्या वट्ट्यावर जागा नव्हती का?”

“नव्हती की, बप्पा,” दादा म्हणाले.

चहावाल्याच्या हातातली गाळणी तशीच थांबली. बप्पांना उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की बप्पा टोपणनाव ठेवत. त्या दिवसापासून किसनदादा झाले ‘बिनगोळीचा मेजर’. मेजर ते कधीच नव्हते, नाईक होते. पण नाव इतकं चिकटलं, की शाळेतली पोरंसुद्धा त्यांना बघून तोंडानं ‘ठो’ करायची आणि वर “न्हाई, वाजलीच न्हाई” म्हणून पळायची.

मला त्याचा भयंकर संताप यायचा. एकदा मी म्हणालो, “दादा, सांगा की एक झाडली म्हणून. नदीपलीकडं कोण मोजायला गेलंय?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला गेटवरच अडवल्यासारखं झालं. “झाडली न्हाई बे,” एवढंच म्हणाले. हा माणूस खोटं बोलत नसे. उसाचा ट्रक अर्धा भरलेला असला तर कारखान्याच्या अध्यक्षांच्या साडूचा असला तरी ‘अर्धा’ म्हणूनच सोडायचा. त्यामुळं वरचे लोक त्यांना जरा बिचकून असत आणि बढतीच्या वेळी विसरून जात.

पुढं एकदा पेन्शनच्या कामासाठी आम्ही दोघं पुण्याला गेलो. काम झालं नाही, ते अपेक्षितच होतं. त्यांच्या एका फौजी दोस्ताचा मुलगा तिथल्या कुठल्याशा फिल्म क्लबात होता, तो म्हणाला, काका, युद्धाचा सिनेमा आहे, चला. परदेशी सिनेमा. बाहेर पडलो तेव्हा माझी कंबर धरली होती. अहो, युद्ध कुठलं? काही सैनिक एका मोठ्या नदीकाठी बसलेत, बसलेत आणि बसलेत. मधूनच कुणीतरी मनातल्या मनात नदीला प्रश्न विचारतो. नदी उत्तर देत नाही. मग तो दुसरा प्रश्न विचारतो.

दादा खुर्चीवरून उठेनात. हॉल रिकामा झाला, झाडणारा आला, तरी हे पडद्याकडं बघत बसलेले. मी हात लावला तर म्हणाले, “ह्येच. ह्येच सांगत होतो की मी त्यांना.”

जिन्यावर बसून त्यांनी मला जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. सिनेमात एक पोरगा आहे, सगळ्यांचे केस कापणारा. शेवटाकडं तो बाटल्या भरायला नदीत उतरतो आणि पलीकडून गोळी येते. दादा म्हणाले, “आमच्यात बी होता. बलबीर. पंजाबातला. ह्यो केस कापतो, त्यो समद्यांचे मोजे रफू करायचा, एवढाच फरक. असाच पाणी भरायला गेलता. पलीकडून एकच गोळी आली. पुऱ्या लढाईत आमच्या वाट्याला आलेली तेवढीच.”

मी म्हणालो, “अहो, मग हे बप्पांना का सांगत नाही? तोंड बंद होईल त्यांचं!”

“त्याचं मरण सांगून मी मेजर व्हायचं व्हय?” दादा म्हणाले, आणि नाकातून एक लांब श्वास सोडून उठले. मला अजून ते वाक्य आठवलं की गलबलून येतं. आणि मग बप्पांचा राग येतो, तो वेगळाच.

तर त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला, की हा सिनेमा गावाला दाखवायचा, आणि गावानं तो शेवटपर्यंत बसून बघायचा. “आर्ध्यातून उठले तर मातीत गेलं समदं. शेवटपतोर बसले तर त्यांला कळंल, बसणं काय असतं.” त्या फिल्म क्लबवाल्या मुलाच्या मागं लागून लागून त्यांनी पत्र्याचे ते गोल डबे मिळवले आणि एसटीच्या टपावरून आणले.

ते वर्ष कोरडं ठणठणीत होतं. ऊसच नाही म्हटल्यावर कारखाना बंद, साखरेचं गोदाम रिकामं. दादांनी वार्षिक सभेसाठी गोदाम मागून घेतलं, पत्र्याची भोकं बारदानं लावून बुजवली आणि भर दुपारी आत अंधार केला. बप्पांनी हॉटेलात आधीच जाहीर करून टाकलं होतं, “मध्यंतराच्या आत गोदामात मेजर आन् त्याची मिशी, दोघंच राहतील.” मला मनातून तीच भीती होती. मी तो सिनेमा पाहिला होता ना!

मशीन चालवायला सलीमभाई. यांची हयात तंबूतल्या टॉकीजमध्ये गेलेली. लांब सिनेमा मध्येच कापून जोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आल्याआल्या डबे बघून म्हणाले, “मेजरसाब, ये तो पूरी बारात है. दो-तीन रील खा जाऊं क्या? किसी को मालूम नहीं पडेगा.” दादांनी त्यांच्या खिशातली कात्री काढून आपल्या खिशात घातली. पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगायला हायस्कूलचे तांबोळी सर माईक घेऊन बसले. आणि सिनेमा सुरू झाला.

सुरुवातीला थोडी मारामारी झाली, तेवढ्यावर पोरं खूष. मग सैनिक चालत चालत टेकडी चढले आणि खाली नदी दिसली.

काय सांगू! ह्या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पाणी. संथ, भरलेलं, उन्हात चमकणारं. आमच्याकडं त्या वर्षी पाणी म्हणजे टँकरच्या नळीतून येणारी गढूळ पिचकारी. मागून कुणीतरी म्हातारं घोगऱ्या आवाजात म्हणालं, “आगं माझे आई.”

सैनिक बसले. आमचे लोकही बसले. पडद्यावरचा एकजण मनात बोलू लागला. तांबोळी सर म्हणाले, “तो म्हणतो, हे नदी, तू कुणाच्या बाजूची आहेस?”

“जिकडं उतार, तिकडची,” अंधारातून एकानं उत्तर दिलं.

पुढं सर म्हणाले, “तो म्हणतो, आपण सगळे एकाच पाण्याचे थेंब आहोत का?” थोड्या वेळानं म्हणाले, “तो पुन्हा तसंच काहीतरी म्हणतोय.” आणखी थोड्या वेळानं सरांनी नुसतंच “हं, चालू आहे” म्हणायला सुरुवात केली. एक सैनिक नदीत शर्ट धुऊ लागला तर बायकांच्या बाजूनं एकच गलका, “पिळायची रीत बगा मेल्याची!” आणि एकानं अर्धी बाटली पाणी वाळूत ओतून दिलं, तेव्हा तर अख्खं गोदाम उभं राहिलं. “आरं ए! वतू नको! आरं मुडद्या!” एका म्हाताऱ्यानं पडद्याच्या दिशेनं चप्पल उगारली. पुऱ्या सिनेमात एवढा क्षोभ दुसऱ्या कशानं झाला नाही.

आता सचिव म्हणून नाही, माझं स्वतःचं मत सांगतो. तो सिनेमा लांब होता, लई लांब. कापला असता तर निम्म्यात बसला असता. विचार करणारे सैनिक सगळे एकाच आवाजात विचार करायचे, त्यामुळं कोण कुठला ते कळेना. पण माणसांचे चेहरे इतका वेळ पडद्यावर राहायचे, की आपल्याच भावकीतले वाटू लागायचे. आणि वाट बघताना माणूस काय काय करतो, नखं कुरतडतो, मुंग्यांची रांग बघतो, उगाच दुसऱ्याशी भांडतो, ते त्यात जसं होतं तसं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. पुण्यात माझी कंबर धरली होती, गोदामात धरली नाही. त्याचं कारण सिनेमा नसून नदी असावी.

मध्यंतर झालं. दादा दाराशी उभे, कोण उठतं ते बघत. लोक बाहेर गेले, बिड्या ओढल्या आणि झाडून सगळे परत आले. बप्पा तर बाहेर गेलेच नव्हते.

आणि मग सलीमभाईंनी घोळ घातला. मशीन एकच, त्यामुळं दर रिळाला थांबायला लागायचं. उकाड्यात डब्यांवरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या, रिळं बारदानावर काढून ठेवलेली. त्यांनी पुढचं रीळ आधी लावलं. केस कापणारा पोरगा बाटल्या घेऊन नदीत उतरला, गोळी आली, पोरगा पाण्यात पडला. गोदामात हुंदके. मी दादांकडं बघितलं. भिंतीला पाठ, बुटाची नाडी हातात घट्ट धरलेली.

पुढचं रीळ लागलं आणि पहिल्याच दृश्यात तो पोरगा नदीकाठी बसून कुणाचे तरी केस कापत होता. हसत होता.

मग जो जल्लोष झाला म्हणता! “वाचलं की बे पोरगं!” शिट्ट्या, टाळ्या, टोप्या वर. तांबोळी सर गोंधळून माईकवर म्हणाले, “तो... तो बरा झालेला दिसतो.” कुणीतरी लगेच खुलासा केला, “दंडाला लागली असंल गोळी.” परदेशातल्या कुणा शहाण्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्या चिंतनशील कलाकृतीची रिळं उलटी झाली, आणि एकाही माणसाला कळलं नाही. म्हणजे तिचा दोष म्हणा, नाहीतर गुण म्हणा.

सलीमभाई घामाघूम होऊन अंधारातून दादांपाशी आले. मी शेजारीच होतो. कुजबुजले, “मेजरसाब, गलती हो गई. मुर्दा पैले दिखा दिया, जिंदा बाद में. रील उतारूं क्या?”

जो माणूस अर्ध्या ट्रकला अर्धाच म्हणायचा, तो पडद्याकडं बघत म्हणाला, “चलने दे.”

सिनेमा संपला. शेवटी लढाईच संपल्याचा निरोप येतो आणि सैनिक नदी न ओलांडताच परत फिरतात. कुणी उठलं नाही. दिवे लागले, सभा सुरू झाली, आणि मी ठराव लिहिला तो असा : ‘सदर चित्रपट फार लांब असून त्यात युद्ध अल्प व विचार अति आहेत. नायिका नाही. पाण्याची नासाडी दाखवली आहे, ती निषेधार्ह आहे. तथापि नदी उत्तम आहे.’

“अनुमोदक?” मी विचारलं.

दत्तू बप्पा उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी खवचट बोलणार. मी मनातल्या मनात शिवीसुद्धा तयार ठेवली. बप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं, घसा खाकरला.

“माझं अनुमोदन लिवा. आन् किसन,” ते म्हणाले, “तुमची नदी बी एवढीच होती का?”

इतक्या वर्षांत त्या लढाईबद्दल दादांना कुणी विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. आणि त्यात ‘मेजर’ नव्हतं.

“हिच्याहून जरा आरुंद,” दादा म्हणाले. “पर पाणी लई गार.”

“बसा की. सांगा.”

मग ते सांगायला लागले. नदीकाठची थंडी, डास, पलीकडच्या काठावर त्यांच्यासारखेच बसलेले लोक, त्यांच्या चुलीचा धूर. बलबीर आणि त्याची सुई. रफू करता करता तो दुसऱ्याच्या मोज्याला कसा शिव्या द्यायचा. लोक हसत होते. बायका पुढं सरकून बसल्या होत्या. आणि मग बप्पांनीच विचारलं, “मंग आता कुठं असतो तुमचा बलबीर?”

सलीमभाई रिळं गुंडाळत होते, तेवढीच करकर. दादांनी कोऱ्या पडद्याकडं बघितलं.

“हाय की,” ते म्हणाले. “तिकडंच, पंजाबात. शेती करतो.”

“पाणी हाय का तिकडं?”

“लई.”

“मंग बरंय,” बप्पा म्हणाले, आणि सभा संपली.

स्वतःसाठी एक गोळी झाडल्याचं खोटं हा माणूस कधी बोलला नव्हता. त्या दिवशी गोदामातून सतरंज्या उचलताना माझे डोळे भरून आले होते आणि बारदानाची धूळ गेली असं मी सगळ्यांना सांगत होतो.

पुढं संस्था बंद पडली. घरोघरी टीव्ही आले. पण बलबीर काही गावातून गेला नाही. बप्पा दादांना दिसले की विचारायचे, “बलबीरचं काय म्हणणं?” आणि दादा सांगायचे, गहू चांगला आलाय, थोरलीचं लगीन झालं, गुडघे दुखायलेत. बाजारात, टँकरपाशी, कुठंही. होता होता बप्पांनी त्यांना हाताला धरून वट्ट्यावर बसवायला सुरुवात केली, कारण बलबीरच्या गोष्टी उभ्याउभ्यानं संपत नसत. बप्पांना खरं काय ते कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही.

मी दादांना शेवटचं बघितलं ते त्याच वट्ट्यावर. छाती कफानं भरली होती, बीडच्या दवाखान्यात न्यायचं होतं, जीप यायची होती. जीप येत नव्हती. त्यांचा पोरगा रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता, आम्ही सगळे ड्रायव्हरला शिव्या घालत होतो. दादा भिंतीला पाठ लावून, बूट घालून बसले होते. बप्पा शेजारी टेकलेले, तेही आता पार वाकलेले. जीपचा हॉर्न वाजला तेव्हा बप्पा त्यांच्या कानाशी झुकले.

“किसन, बलबीरला कळवू का?”

दादांनी वाकून नाडी घट्ट केली.

“नको,” ते म्हणाले. “उगं एवढ्या लांबून येईल बिचारा.”